वळणावर वेग न सोडणारा धावपटू



2005 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात अशरवुड आणि विल्सन या दोन ब्रिटिश संशोधकांचा एक छोटासा शोधलेख आला. वळण घेताना माणूस धावपटू पाऊल जमिनीवर जरा जास्त वेळ टेकवतो, भार पायावर सावकाश येऊ देतो आणि त्यापायी त्याचा वेग घटतो. म्हणून तर दोनशे मीटरच्या शर्यतीत आतली लेन कुणालाच नको असते. ग्रेहाउंड काय करतो, हे या दोघांनी मोजून पाहिलं. त्याच्या पावलांची लय सरळ पट्ट्यावर जी होती, तीच वळणावरही राहिली. पायांवरचा भार सुमारे 65 टक्क्यांनी वाढला, तरी त्याने वेग कमी केला नाही.

श्वानक्रीडेच्या सुरक्षिततेचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. माणसाला पायात कळ आली की तो थबकतो. समोर पळणारं सावज दिसलं की कुत्रा थबकत नाही. दुखतं, पण तो पळतो. धाप लागते, पण चेंडू फेकला की तो पुन्हा जातो. ब्रेक त्याच्याकडे नाही, तो पट्टा धरणाऱ्या हाताकडे आहे. ‘त्याला पळायला आवडतं हो’ हे वाक्य मैदानावर रोज ऐकू येतं आणि ते खरंही असतं. पण त्याला आवडतं म्हणूनच कुठे थांबायचं ते आपल्याला ठरवावं लागतं.

त्या वळणाची किंमत कुठे मोजली जाते, ते या सभागृहातल्या शल्यविशारदांना ठाऊक आहे. जगभरातल्या बहुतेक ग्रेहाउंड ट्रॅकवर कुत्री घड्याळाच्या उलट दिशेने पळतात. प्रत्येक वळणावर उजवा मागचा पाय बाहेरच्या बाजूला येतो, आणि त्या पायाच्या घोट्यातलं मधलं टार्सल हाड मोडणं ही या खेळाची ओळखीची दुखापत झाली आहे. हाड ही जिवंत वस्तू आहे. भार पडत गेला की ते दाट होतं, स्वतःला बांधून काढतं. शर्यतीच्या कुत्र्यांत उजव्या घोट्यातलं हे हाड डाव्यापेक्षा दाट झालेलं आढळतं. पण या डागडुजीला दिवस लागतात. डागडुजी पुरी व्हायच्या आत पुन्हा त्याच वर्तुळात, त्याच दिशेने पूर्ण वेगात पळवलं की बारीक चिरा साठत जातात. मग एक दिवस पहिल्याच वळणावर हाड फुटतं आणि लोक म्हणतात, पाय वाकडा पडला.

अशा कुत्र्याला आदल्या आठवड्यात कुणी हात लावून पाहिलं होतं का, हा खरा प्रश्न. जोरात पळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून अंग गरम झालेलं नसताना, जाणता प्रशिक्षक कुत्र्याशेजारी जमिनीवर बसतो. आधी नखं, मग बोटांमधली कातडी, मग पायाच्या गाद्या. घोट्याशी आल्यावर अंगठा आतल्या बाजूला ठेवून हलकेच दाब देतो. डावा घोटा, मग उजवा, मग पुन्हा डावा. कुत्रा ओरडत नाही. ओरडण्याची वाट पाहणाऱ्याला काहीच सापडणार नाही. तो ओठ चाटतो, कान मागे टाकतो, मान वळवून त्या अंगठ्याकडे बघतो, किंवा त्या बाजूचा पाय जेमतेम बोटभर आखडून घेतो. एवढंच. पण त्या बोटभर आखडण्यावर आठवडाभराची विश्रांती आणि एक क्ष-किरण तपासणी ठरायला हवी.

ग्रेहाउंड शर्यतींचा हा खेळ मुळात सुधारणा म्हणूनच जन्माला आला होता. जिवंत सशामागे कुत्री सोडण्याऐवजी अमेरिकेतल्या ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी रुळावरून धावणारा यांत्रिक ससा आणला आणि 1919 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला ट्रॅक सुरू केला. 1926 मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू इथे हा खेळ इंग्लंडात पोहोचला. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं इंग्लिश डर्बी जिंकणारा ‘मिक द मिलर’ हा ग्रेहाउंड तर तिथे घराघरात माहीत झाला. पुढे पैजेचा पैसा आला आणि कुत्रा मागे पडला. फेब्रुवारी 2015 मध्ये ऑस्ट्रेलियन वाहिनीवरच्या ‘फोर कॉर्नर्स’ या कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्यातून दाखवलं, की काही प्रशिक्षक सरावासाठी अजूनही जिवंत प्राणी बांधून वापरत होते. त्यानंतर नेमलेल्या मॅकह्यू आयोगाचा अंदाज असा, की एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये 12 वर्षांत पुरेशी वेगवान नाहीत म्हणून मारलेल्या कुत्र्यांची संख्या किमान 48 हजारांच्या घरात जाते. फ्लोरिडात 2018 च्या सार्वमतात 69 टक्के लोकांनी या शर्यतींच्या विरोधात कौल दिला, त्याच वर्षी मकावचा प्रसिद्ध ट्रॅक बंद पडला, आणि डिसेंबर 2024 मध्ये न्यूझीलंडने बंदीचा निर्णय जाहीर केला. खेळ वाचवायचा असेल तर कुत्रा वाचवावा लागतो, हे तिथल्या लोकांना फार उशिरा उमगलं.

तरी त्याच ऑस्ट्रेलियातून शिकण्यासारखी गोष्टही आली. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या अभियंत्यांनी शर्यतींच्या चित्रफिती आणि दुखापतींच्या नोंदी ताडून पाहिल्या. कुत्री जिथे एकमेकांवर आदळतात ती जागा बहुधा पहिलं वळण असते, कारण आठही कुत्री आतल्या कडेकडे झेपावतात. त्यांच्या सूचना रोखठोक होत्या: एका शर्यतीत आठऐवजी सहा कुत्री ठेवा, यांत्रिक सावज अगदी कडेने न नेता मधल्या बाजूला आणा, आणि जमेल तिथे वळणच काढून टाका. व्हिक्टोरियातल्या हील्सव्हिलला आणि क्वीन्सलंडमधल्या कॅपलाबाला सरळ ट्रॅक आहेतच.

आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात यात्रा-जत्रांच्या निमित्ताने कुत्र्यांच्या शर्यती लावणारी मंडळी आहेत. बंदुकीच्या गोळीसारखा सुटणारा कारवान जातीचा कुत्रा मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच रक्ताच्या कुत्र्यांची कीर्ती थेट इंग्लंडच्या राजापर्यंत नेली. सरळ माळरान आपल्याकडे आहे, ही मोठीच सोय. पण माळ म्हटला की खडे, बोरी-बाभळीचे काटे, उंदरांची बिळं आणि ढेकळं आली. शर्यतीआधी माणसांनी ओळ धरून तो पट्टा पायी तुडवायचा, हा नियम फुकटचा आहे आणि त्याने अनेक पाय वाचतील. पट्टा संपल्यावर कुत्र्याला हळूहळू थांबायला पुरेशी मोकळी जागा हवी. शेवटच्या रेषेपाशी गर्दीची भिंत उभी असेल, तर तोही एक अपघातच मांडून ठेवलेला असतो. सरावासाठी जिवंत ससा वापरण्याचा विषय तर चर्चेचासुद्धा नाही. आपला ससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आणि करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याच्या तोंडी देणं 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. कापडाच्या चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीमागेही कारवान तितक्याच जोमाने पळतो.

आता अ‍ॅजिलिटी. शहरांतली तरुण पिढी याच खेळाकडे वळते आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. 1978 च्या फेब्रुवारीत लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्सचं श्वानप्रदर्शन भरलं होतं. मधल्या वेळेत प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून घोड्यांच्या अडथळा-उडीच्या धर्तीवर कुत्र्यांचा एक कार्यक्रम ठेवला गेला. तो इतका रंगला, की दोनच वर्षांत ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला खेळ म्हणून मान्यता दिली. उड्या, बोगदा, सी-सॉ, उतरती चढती फळी, बारा खांबांमधून नागमोडी पळणं. पाहायला फार गोड. पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अ‍ॅजिलिटी खेळणाऱ्या 3,801 कुत्र्यांची माहिती गोळा झाली, त्यातल्या सुमारे 32 टक्के कुत्र्यांना कधी ना कधी दुखापत झालेली होती. खांदा आणि पाठ हे भाग वारंवार पुढे आले. उडीची दांडी आणि त्रिकोणी चढण हे अडथळेही.

या खेळाने साधनं मात्र मनापासून बदलली, हे कौतुकाने सांगायला हवं. उडीची दांडी आता जरा धक्का लागला तरी खाली पडते. पूर्वीचा घट्ट बांधलेला टायर कुत्र्याच्या खांद्याला लागायचा, आता तो आदळताच मधोमध उघडतो. फळ्यांवर घसरू नये म्हणून रबरी थर आला. खांबांमधलं अंतर वाढून 60 सेंटिमीटर झालं, म्हणजे कणा तेवढा कमी मुरडतो. आपल्याकडे सुताराकडून साधनं करून घेताना ही मापं त्याला लिहून द्या. प्लंबिंगच्या पाइपची पक्की ठोकलेली उडी स्वस्त पडते, पण तिच्यावर आदळलेला खांदा महिनोन्‌महिने पुरतो.

वयाची गोष्ट मात्र साधनांनी सुटत नाही. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेचा थर असतो, तिथून हाड वाढतं. लहान जातींत हा थर वर्षाच्या आत बंद होतो. मोठ्या जातींत सव्वा-दीड वर्ष लागतं, आणि लवकर नसबंदी केली असेल तर आणखी उशीर होतो. तो उघडा असताना पुढच्या पायांवर पुन्हा पुन्हा आदळणारं पिल्लू आयुष्यभराचा वाकडा पाय घेऊन बसू शकतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या अ‍ॅजिलिटी स्पर्धेत 18 महिन्यांखालच्या कुत्र्याला प्रवेश नाही. असं असताना सात महिन्यांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू बागेतल्या बाकावरून उड्या मारताना दाखवणाऱ्या चित्रफितींवर कौतुकाचा वर्षाव होतो. तो पाहताना पोटात कालवतं. त्या वयात करण्यासारखं किती तरी आहे. जमिनीवर शिडी आडवी ठेवून तिच्या कप्प्यांतून चारही पाय उचलून चालायला शिकवा. मागे मागे चालायला शिकवा. मागचे पाय आपले आहेत, हे बऱ्याच पिल्लांना माहीतच नसतं. वीतभर उंचीच्या फळीवर तोल धरायला शिकवा. दांडी जमिनीवरच राहू द्या.

शिकवायचं कसं, यावर जुन्या-नव्यांत अजून वाद होतो. पोर्तुगालमधल्या एका अभ्यासात 92 कुत्र्यांची तुलना केली गेली. पट्ट्याला हिसका आणि शिक्षा वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत तणावाची लक्षणं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल दोन्ही जास्त आढळलं. वेल्समध्ये विजेचा पट्टा 2010 पासून बेकायदा आहे. आणि क्रीडेपुरता विचार केला, तरी घाबरलेला कुत्रा कण्याला ताठ धरून उडतो आणि चुकीच्या जागी उतरतो. त्याच्या तोंडात एक खाऊचा तुकडा पडला तर तेच पाऊल मोकळं पडतं.

उन्हाबद्दल बोलल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होऊच शकत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ आणि श्वसनमार्गावरून वाफ उडते, तेवढाच त्याचा गारवा. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ती वाफही नीट उडत नाही. म्हणून तिथली 32 अंशांची संध्याकाळही फसवी असते. ब्रिटनसारख्या थंड देशातल्या नोंदी सांगतात, की उष्माघाताने दवाखान्यात आलेल्या जवळपास तीन चतुर्थांश कुत्र्यांना तो व्यायामामुळे झाला होता. बंद गाडीत अडकलेल्यांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी. शर्यतीनंतर ग्रेहाउंडचं तापमान 41 अंशांपर्यंत चढतं आणि सशक्त कुत्र्यात ते उतरतंही. ते उतरत नसेल, जीभ रुंद होऊन खाली लोंबत असेल, हिरड्या गडद लाल झाल्या असतील, पाय लटपटत असतील, तर गाडीची किल्ली शोधण्याआधी पाण्याची बादली शोधा. हाताशी असेल ते पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं.

तरुण पशुवैद्यकांसाठी दोन गोष्टी. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉइड संप्रेरकाचं कमी असणं हे त्याच्यासाठी निरोगीच आहे. सर्वसाधारण तक्त्यावरून त्याला आजारी ठरवू नका. दुसरं, व्यायाम करताना कोसळणाऱ्या लॅब्रेडॉरला आळशी म्हणू नका. या कोसळण्यामागचा जनुकीय दोष 2008 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने शोधला, त्याची चाचणी उपलब्ध आहे.

अलास्कातली इडिटरॉड ही घसरगाड्यांची शर्यत 1973 पासून चालते. तिच्यावर टीका खूप झाली आणि ती रास्तही होती. पण तिथला एक रिवाज उचलण्यासारखा आहे. प्रत्येक चालक पशुवैद्यकाची वही सोबत बाळगतो. ठाण्यांवर कुत्री तपासली जातात, वहीत नोंद होते. थकलेला कुत्रा मागे ठेवला जातो आणि विमानाने परत आणला जातो, बाकीची पुढे जातात. सक्तीची 24 तासांची एक विश्रांती सगळ्यांनाच घ्यावी लागते, मग शर्यतीत पुढे कुणी का असेना. आपल्या प्रत्येक कुत्र्याची अशी एक वही असावी, त्यात पळालेलं अंतर, हवामान, खाणं, सकाळच्या तपासणीत अंगठ्याखाली काय जाणवलं ते लिहिलं जावं, आणि स्पर्धेच्या मैदानावर पशुवैद्यकाचा ‘नाही’ हा शब्द आयोजकाच्या शब्दाच्या वर असावा, असा ठराव या संमेलनापुढे ठेवत आहोत.

दुपारच्या सत्रात मैदानावर कुत्री येणार आहेत. त्यांची उडी बघायला सगळेच जमतील. पण पहिली पाच मिनिटं ती नुसती सैल पट्ट्यावर चालणार आहेत, आधी डावीकडे वळून, मग उजवीकडे. त्या वेळी उंच जागी उभं न राहता जमिनीवर बसा आणि मागचा उजवा पाय पाहा.