एसाविराला जायचा बेत

मोरोक्कोतल्या एसाविराला जायचं आमच्या गटात ठरतंय. समुद्राकाठचं जुनं तटबंदीचं शहर, २००१ पासून जागतिक वारसा. मर्राकेशहून बसने तीनेक तास. वारा मात्र असा, की पदर धरूनच चालावं लागेल!

आम्हाला ओढ आहे ती आजूबाजूच्या गावांतल्या अर्गान तेलाच्या महिला सहकारी संस्थांची. तिथल्या बायका टणक बिया दगडावर ठेवून दगडानेच फोडतात. पण काही दुकानदार बायकांना नुसतं दाराशी बसवतात अन् पाटी लावतात सहकारी संस्थेची. म्हणून तेल घेण्याआधी विचारायचं: सभासद कोण, मजुरी किलोमागे किती, नफा कुणाला? प्रश्न फ्रेंचमध्ये लिहूनच नेऊ.

गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. प्रवासाची बचत वेगळी. सोमवारी पासपोर्टचे अर्ज भरू. आधारवर सासरचं नाव अन् शाळेच्या दाखल्यावर माहेरचं असेल, तर दोन्ही कागद घेऊन या.