अक्कासमवेत लोणारपर्यंत
(वार्षिक संमेलनातील भाषण)



प्रवासाविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही जन्मभर खेड्यातील शाळांतून भूगोल शिकविला. परंतु नकाशावर छडी ठेवून दाखविलेली स्थळे स्वतः पाहण्याचा योग क्वचितच आला. २०२३ साली भाऊबीजेस आमची थोरली बहीण, अक्का, घरी आली होती. तिचे वय पंच्याहत्तर. ओवाळून झाल्यावर ती सहज म्हणाली, "तू मुलांना लोणार शिकवायचास ना? मला एकदा दाखव की." चौथ्या दिवशी भाड्याची मोटार करून आम्ही उभयता पुण्याहून निघालो.

शिरूरचे आमचे एक जुने सहाध्यापक आम्हांस प्रथम निघोजला घेऊन गेले. तेथे कुकडी नदीच्या पात्रात प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगरत राहतात व काळ्या बसाल्ट खडकास घासून गोल खळगे पाडतात. शेजारचे खळगे कालांतराने एकमेकांस मिळतात आणि त्यांतून खोल घळ तयार होते. ही आकृती आम्ही फळ्यावर कितीदा काढली असेल, त्याची गणती नाही. अक्काने काठीवर भार देऊन खाली पाहिले व म्हणाली, "उखळच की रे हे! आईचं उखळ असंच झिजलं होतं." इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्हांस याहून चांगला दाखला सुचला नव्हता. मळगंगा देवीचे दर्शन घेऊन पुढे निघालो. वाटेत वेरूळकडे वळलो नाही, याबद्दल आमच्या त्या मित्रांनी आम्हांस अद्याप क्षमा केलेली नाही.

मुक्काम जालन्यास अक्काच्या बालमैत्रिणीकडे केला. आता जे सांगणार आहोत ते प्रवासवर्णनात बसत नाही. परंतु ते वगळले तर भाषण खोटे होईल.

आमचे वडील १९९६ साली निवर्तले. आई त्यापूर्वीच गेली होती. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली सहा एकर जमीन होती आणि वारस आम्ही तिघे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे प्रत्येकास दोन एकर यावयाची. १९९८ साली आम्ही दोघे बंधू हक्कसोडपत्राचा कागद घेऊन अक्काकडे गेलो. तिने चहा केला आणि सही केली. आम्ही तिला साडीचोळी केली, आणि एका दिवसात काम उरकले म्हणून समाधान मानले. सातबारावर आम्हां बंधूंची नावे प्रत्येकी तीन एकरांस लागली.

जालन्यास रात्री जेवणे झाल्यावर ती मैत्रीण बोलता बोलता म्हणाली, "ज्या साली हिनं तुमच्या कागदावर सही केली, त्या साली हिच्या पाटल्या सराफाकडे गहाण होत्या. मुलाच्या फीसाठी. त्या पुढे सुटल्याच नाहीत." अक्का तिला "पुरे गं" म्हणत राहिली. आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. दर भाऊबीजेस ते रिकामे मनगट आमच्यासमोर तबक धरीत होते, आणि आम्ही कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सिंदखेड राजास जिजाऊंचे जन्मस्थान पाहून लोणारला पोहोचलो. काठावरून दृष्टी टाकताच बोलणे थांबते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर. हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे पूर्वी अनेकांचे मत होते. आघाताने बनलेल्या काचेचे पुरावे १९७३ साली प्रसिद्ध झाले व उल्कापाताचे मत दृढ झाले. त्याचे वय प्रथम सुमारे ५० हजार वर्षे सांगत. पुढील मोजणीत ते सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षे निघाले. म्हणजे आम्ही वर्गात सांगितलेला आकडा बदलला. जुन्या विद्यार्थ्यांनी दुरुस्ती करून घ्यावी. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले होते. तो क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा प्रताप होता. त्याच वर्षी सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लवणासुराची कथा सांगून आम्ही अक्कास दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिरही दाखविले.

तिला सर्वांत आवडली ती मात्र धार. खाली अतिशय खारे पाणी, आणि काठावर गोमुखातून अखंड वाहणारे गोडे पाणी! तिने ओंजळभर पाणी डोळ्यांस लावले. तेथे पायरीवर बसून आम्ही विचारले, "अक्का, पाटल्यांचं तेव्हा का नाही बोललीस?"

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही जमीन दिलीही असतीत. पण मग भाऊबीजेला मला कुणी बोलावलं असतं का? मी दोन एकरांत माहेर विकत घेतलं, बाळू."

विवराचे वय सांगणाऱ्या मास्तरास यावर उत्तर देता आले नाही. आम्ही तिच्याशेजारी बसून राहिलो. पुढे तिनेच पिशवीतून दशमी काढली.

परतल्यावर आम्ही कागद काढले. आमच्या तीन एकरांतील एक एकर मूळचा तिचाच. तो बक्षीसपत्राने तिच्या नावे करण्याचे ठरविले. चिरंजीवांनी दोन दिवस तोंड फुगविले, मग मान्य केले. थोरल्या बंधूंकडे आम्ही तीनदा जाऊन आलो. ते अद्याप "बघू" म्हणतात. आज ते या सभेत तिसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि हे सारे त्यांच्या कानी पडेल हे जाणूनच आम्ही बोलत आहोत.

मसुदा वकिलांकडे तयार आहे. अक्काची मात्र अट आहे. ती म्हणते, "बक्षीस स्वीकारल्याची सही मी करीन, पण आधी मला आणखी एकदा लोणारला ने, आणि या वेळी दादालाही मोटारीत घे." मोटारीत चौघांची जागा आहे.