शिक्का आणि टेप



डॉक्टरांच्या अधिवेशनात अध्यक्षाने सुरुवातीला आपली अपात्रता सांगायची असते. माझी खणात ठेवलेली आहे. दवाखाना उघडला त्या वर्षी मी एक रबरी शिक्का करून घेतला होता: ‘गोड, तळलेले बंद. रोज ४५ मिनिटे चालणे. वजन कमी करा.’ गर्दीच्या वेळी बोलायला फुरसत नसायची, म्हणून चिठ्ठीवर औषधं लिहायची आणि खाली ठप्पा मारायचा. पंचवीसएक वर्षं तो शिक्का चालला. त्याच्या बळावर किती जणांचं वजन उतरलं, हे मी कधी मोजलं नाही. पेशंटचं वजन मात्र दर वेळी मोजलं आणि दर वेळी रागावलो.

बसस्टँडजवळ भाजीची गाडी लावणाऱ्या एक बाई माझ्याकडे यायच्या. वजन ८४, शुगर वाढलेली. एका वर्षी त्यांनी हट्टाने ११ किलो उतरवले. मी चारचौघांत कौतुक केलं. पुढच्या दिवाळीपर्यंत ११ चे १३ होऊन परत आले. मी म्हणालो, ‘मावशी, सोडलंत ना पथ्य?’ त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, मी किती जेवते ते माझ्या सुनेला विचारा.’ मी हसलो. त्या हसल्या नाहीत आणि नंतर आल्याही नाहीत. तीन वर्षांनी आल्या त्या पायाची जखम घेऊन. मधल्या काळात शुगर का तपासली नाही, असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘आधी वजन कमी करून मगच यावं म्हटलं.’

त्या खरं सांगत होत्या, हे मला फार उशिरा, जर्नल वाचताना कळलं. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं, तसं भूक वाढवणारं घ्रेलिन वर गेलं आणि पोट भरल्याची खबर देणारी लेप्टिनसारखी संप्रेरकं खाली आली. यात नवल नाही. नवल हे की वर्षभरानंतरही ती पूर्वपदावर आली नव्हती. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत सरासरी ५८ किलो वजन घटवलेल्या १४ जणांना केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. ४१ किलो परत आले होते. आणि त्यांचं शरीर नुसतं बसल्या जागी जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी, त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्चत होतं. २०१६ चा हा निबंध वाचला त्या रात्री मला मावशींची सून आठवली. तिला खरंच विचारायला हवं होतं.

शरीर आपलं वजन सावकारासारखं वहीत मांडून ठेवतं. उतरलेला प्रत्येक किलो त्याच्या लेखी येणं असतं आणि वसुलीला ते वर्षानुवर्षं दारात उभं राहतं. त्याच्याशी झगडणाऱ्या माणसाला आम्ही जिभेचे चोचले पुरवणारा म्हणत आलो. आपल्या समाजाचं तर दोन्हीकडून बोलणं असतं. लेकीच्या लग्नाआधी ‘जरा बारीक हो’, आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी माहेरी आली की ‘सुकलीस गं, देत नाहीत का खायला?’

पण आज मला बोलायचं आहे ते मुख्यतः काट्यावर बारीक ठरणाऱ्या माणसाबद्दल. आपल्या ओपीडीत तोच जास्त येतो. हातपाय काडीसारखे, वजन ६२, ‘अंगाला काही लागतच नाही’ ही बायकोची तक्रार, आणि शर्टाच्या खालच्या दोन गुंड्यांवर ताण.

या माणसाला ओळखायला जगाला शिकवलं ते पुण्याने. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. बीएमआयचं सूत्र मुळात केटले नावाच्या बेल्जियन खगोल-संख्याशास्त्रज्ञाचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याला माणसांची सरासरी काढायची होती, एकेकाचं पोट तपासायचं नव्हतं. आणि ते आपण एलआयसीच्या फॉर्मपासून सगळीकडे चालवलं.

हे पोट कधीपासून सुटतं? याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान होतं, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्याने जवळजवळ शाबूत राखली होती. मी कितीतरी आयांना ‘बाळसं धरलंय हो’ असं कौतुकाने सांगितलं आहे. त्या बाळशात काय असतं, हे मला माहीत नव्हतं. ही बाळं मोठी होऊन शहरात आली, बसून काम करू लागली, की चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती साठते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत, एक लाखाहून अधिक भारतीयांमध्ये, बीएमआयनुसार लठ्ठ २८.६ टक्के निघाले आणि पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधली माणसं माझ्या काट्यावरून ‘नॉर्मल’ म्हणून उतरून घरी गेली. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगानेही सांगितलं की नुसत्या बीएमआयवर निदान करू नका, चरबी मोजा आणि तिने अवयव बिघडवलेत का ते पाहा. पुण्यात हे वीस वर्षं आधी सांगून झालं होतं, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांकडे. चहाच्या सुट्टीत तुम्ही त्यांच्याबद्दलच बोलत होतात, मी ऐकलं. गंमत अशी की ही वाट एका विषारी सरड्याने दाखवली. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टरच्या विषात जॉन एंग यांना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक्सेंडिन-४ सापडलं. आपल्या आतड्यातलं जीएलपी-१ हे संप्रेरक दोन मिनिटांत निम्मं नाहीसं होतं, सरड्याचं मात्र टिकत होतं. त्या धाग्यावरून पुढे आठवड्याला एकदा टोचायचं सेमाग्लुटाइड आलं. २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत त्याने सरासरी १४.९ टक्के वजन उतरवलं, टिर्झेपटाइड या दुसऱ्या इंजेक्शनने पुढच्या वर्षी वरच्या डोसला ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. २०२३ मध्ये मधुमेह नसलेल्या १७,६०४ हृदयरोग्यांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले. माझ्या पेशंटने पहिल्या महिन्यानंतर जे सांगितलं ते कुठल्याच तक्त्यात नाही: ‘डॉक्टर, डोक्यातली जेवणाची कटकट थांबली. इतर माणसं अशीच जगतात का हो?’

तरीही जरा दमाने घ्या. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. सावकार तिथेच उभा असतो. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी चढतं तेव्हा आपण पेशंटला दोष देत नाही, तसंच हे. पण बीपीची गोळी परवडते. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आलं तेव्हा सर्वांत कमी डोसची एक कुपी ३,५०० रुपयांना होती आणि महिन्याला चार लागतात. भाजीच्या गाडीच्या हिशेबात ते बसत नव्हतं. दुसरं, घटणाऱ्या वजनात स्नायूही जातात. आपला पेशंट आधीच स्नायूंनी गरीब, ताटात डाळ पातळ आणि भात डोंगराएवढा. त्याला इंजेक्शन देऊन मोकळं होऊ नका, प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम चिठ्ठीत नावानिशी लिहा. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर होता का, स्वतःला स्वादुपिंडाचा दाह झाला होता का, हे न विचारता लिहून देणारे आपल्यात आहेत. चिठ्ठीविना विकणारेही आहेत. मागच्या महिन्यात एक तरुण माझ्याकडे उलट्यांनी पार गळून आला. लग्न पंधरा दिवसांवर होतं, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून त्याने थेट मोठा डोस घेतला होता. शेरवानी सैल झाली, एवढंच साधलं.

शाळेच्या फाटकाजवळच्या दहा रुपयांच्या पुड्यांवर खरं तर वेगळं अधिवेशन भरवायला हवं. २०१९ मध्ये हॉल यांनी २० माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून. पुड्यातलं खाताना माणसं दिवसाला ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. माणसं तीच होती आणि मनोनिग्रहही तोच.

संयोजकांनी विचारलं होतं की पिशवीत पेन ठेवायचं की डायरी. मी म्हटलं, शिंप्याची टेप ठेवा. ती तुमच्या पिशवीत आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, कपडा बाजूला करून, श्वास सहज सोडल्यावर पोटाचा घेर मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०, त्यापुढे सावध. जेवणात जिलेबी आहे, तेव्हा आत्ताच मोजून घ्या. मी सकाळी मोजलं. पहिल्यांदा ९१ आलं. बायको म्हणाली, पोट आत ओढू नका. मग ९६ आलं.