व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे दात कोण घासतं?

(मोखाडा येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



आपल्याकडे कुणी अत्यवस्थ झालं की मोखाड्याहून जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, नाहीतर पुढे नाशिक किंवा ठाणं, हा रस्ता आपल्याला पाठ आहे. आयसीयूच्या दाराशी पोहोचलो की वाटतं, आता सगळं मशीनच्या आणि अल्लाहच्या हाती. आपलं काम संपलं. पण ते संपत नाही.

व्हेंटिलेटर जीव वाचवतो. त्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात. मग रुग्णाला नीट खोकता येत नाही आणि तोंडातली जंतूंनी भरलेली लाळ नळीच्या कडेने फुफ्फुसात झिरपते. नळी घातल्यावर ४८ तासांनंतर होणाऱ्या अशा न्यूमोनियाला डॉक्टर ‘व्हॅप’ म्हणतात. हा आजार घरून आलेला नसतो, उपचार चालू असताना जडतो. आणि बऱ्याचदा तो टाळता येतो.

उपाय साधे आहेत. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवायची. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे. गुंगीचं औषध कमी करून, रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का हे रोज पाहायचं; नळी जितकी लवकर निघेल तितका धोका कमी. आणि दात घासायचे. अमेरिकेतल्या संशोधकांनी १५ चाचण्या एकत्र तपासून २०२३ च्या अखेरीस निष्कर्ष मांडला : रोज दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्यांना झाला. वुजू आणि मिस्वाक लहानपणापासून शिकलेल्या आपल्याला हे नवं वाटू नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. नळी असलेल्या रुग्णाच्या तोंडात प्रेमापोटी झमझमचे थेंबही सोडू नका. ते पाणी फुफ्फुसात उतरू शकतं. उशाशी बसून दुआ करा.

नळीला, पलंगाला स्वतः हात लावू नका. पण सिस्टरना अदबीने विचारा : डोकं वर आहे ना? आज दात घासले का? नळी कधी निघेल? तुमच्यातला एकजण शिकला, तर शेजारच्या पाड्यावरच्या आदिवासी कुटुंबासाठीही तोच विचारू शकेल. एका सिस्टरकडे अनेक रुग्ण असतात. आपला प्रश्न भांडण नव्हे, आठवण ठरावा.

खुदा हाफिज.