गर्भवतीची निद्रा

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



गर्भवतीचा आहार, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस यांविषयी आपण सभांतून पुष्कळ बोलतो. परंतु दिवसाचा तिसरा हिस्सा जिच्यात जातो त्या झोपेविषयी फारसे कोणी बोलत नाही. हा विषय सासूने किंवा सुईणीने काढावयाचा, असा संकेतच पडून गेला आहे. मी वैद्य नाही, माहिती खात्याचा सेवक आहे. तथापि वैद्यकशास्त्राला जे आढळून आले ते आपणांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे.

सांगावयाचे ते थोडेच आहे. 28 आठवडे पूर्ण झाले की गर्भवतीने उताणे झोपू नये, कुशीवर झोपावे. दुपारची वामकुक्षीही याला अपवाद नाही.

याचे कारण असे की, शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी नीला पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने वर जाते. स्त्री उताणी निजली म्हणजे वाढलेल्या गर्भाशयाचा भार या नीलेवर पडतो, हृदयाकडे येणारे रक्त कमी होते आणि त्या प्रमाणात वारेकडे जाणारा पुरवठाही घटतो. तपासणीच्या टेबलावर उताण्या निजलेल्या गर्भवतीला कधीकधी घेरी येते, ती यामुळेच. तिला कुशीवर वळविले की बहुधा लगेच बरे वाटते. रुग्णवाहिकेतून नेतानाही तिला डाव्या कुशीवर ठेवावे.

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व अमेरिका येथील पाच अभ्यासांची एकत्रित छाननी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 28 आठवड्यांनंतर उताणे झोपी जाणाऱ्या स्त्रियांत मृत मूल जन्मण्याचा संभव सुमारे अडीच पट आढळला. मुळात हा धोका थोडा असतो, हे खरे. पण तो टाळण्यास एक पैसाही लागत नाही. याच छाननीत डावी कूस आणि उजवी कूस यांत फरक दिसला नाही. तेव्हा रात्रभर डाव्याच कुशीवर अंग आखडून पडण्याचे कारण नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत पहिल्या 30 आठवड्यांपर्यंतच्या झोपेचा असा परिणाम आढळला नव्हता. म्हणून आरंभीच्या महिन्यांत सुनेला उगाच धाक घालू नये.

हा उपदेश आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात उताणे निजणाऱ्या स्त्रीच्या गर्भाच्या गळ्याला नाळ वेढते, असे सांगितले आहे. सल्ला उत्तम, कारणमीमांसा मात्र आज टिकत नाही. नाळेचा वेढा पडतो तो गर्भ पाण्यात फिरतो म्हणून. काही घरांत कूस बदलताना दर वेळी उठून बसण्याची सक्ती करतात, तीही याच समजुतीपोटी. नऊ महिन्यांच्या पोटाने रात्रीतून पाच वेळा उठून बसणे म्हणजे काय, हे सक्ती करणारे विसरतात!

झोपेत माणूस वळतोच. महत्त्व आहे ते झोपी जाताना असलेल्या स्थितीला, कारण तीच सर्वांत अधिक वेळ टिकते. जाग आल्यावर आपण उताण्या आहोत असे दिसले तर घाबरू नये. कुशीवर वळावे आणि पुन्हा झोपावे. पाठीमागे गोधडीची गुंडाळी व गुडघ्यांमध्ये जुने लुगडे घडी करून ठेवले की कमरेला आराम मिळतो. त्यासाठी विकतची उशी नको.

डोहाळजेवण पुष्कळ ठिकाणी सातव्या महिन्यात होते. ओटी भरावयास जमलेल्या बायकांत आशाताईंनी ही गोष्ट काढली तर वेळही नेमकी साधते आणि सासूही ऐकते. अवघड प्रश्न आहे तो ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींचा. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून त्या कारखान्याच्या परिसरातील कोपीत राहतात. दिवसभर वाकून मोळ्या बांधल्यावर अंग टाकायला टणक जमीन. तिथे कूस कशी टिकावी? पंचायत सदस्यांनी टोळी निघण्यापूर्वी मुकादमाकडून गर्भवतींची माहिती घ्यावी, ती आशाताईंना द्यावी आणि त्यांच्या सामानात एक जास्तीची वाकळ जाईल असे पाहावे.

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली किंवा थांबली, तर कूस बदलून सकाळची वाट पाहत बसू नये. त्याच रात्री 108 क्रमांकावर गाडी बोलवावी आणि दवाखाना गाठावा.