झटका किती वाजता आला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कुणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला की आपण म्हणतो, "अंगावरून वारं गेलं." मग तेल गरम करून चोळायचे आणि उजाडायची वाट पाहायची. सासूबाईंच्या वेळी मीही तेच केले. त्यांचा उजवा हात पुढे कधी उचललाच नाही.

अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा निकाल 1995 साली प्रसिद्ध झाला. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकलेले 624 रोगी त्यात होते. निम्म्यांना गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले. कुणाला काय मिळाले, हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही! मला आधी हा निर्दयपणा वाटला. पण त्या औषधाने शंभरात सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली. मग दोन्ही गट ताडून पाहिल्यावाचून गुण-अवगुण कळणार कसे? तीन महिन्यांनी पाहिले, तर औषधाच्या गटात निदान 30 टक्के अधिक लोक जवळजवळ पूर्ववत झाले होते. मात्र सर्वांना ते तीन तासांच्या आत दिलेले होते. 2008 साली युरोपातल्या प्रयोगाने साडेचार तासांपर्यंतही गुण येतो असे दाखवले.

शीर फुटली असेल तर हेच औषध घातक, म्हणून आधी डोक्याचे स्कॅन करावे लागते. तेव्हा ते यंत्र असलेले इस्पितळच गाठावे. आणि घड्याळ पाहून ठेवावे. झटका किती वाजता आला, हे डॉक्टर आल्याआल्या विचारतात.

मला ते सांगता आले नव्हते.