शब्द, खूण आणि 'जाती'
(अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



बौद्ध तर्कशास्त्रातील एक जुना वाद आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. विषय रुक्ष वाटेल. परंतु आपल्या जगण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे हे आपण ओळखतो. धूर ही अग्नीची खूण. शास्त्रात तिला 'लिंग' म्हणतात. धूर अग्नीपासूनच निघतो, म्हणून ही खूण विश्वसनीय ठरते. मग शब्द ही कशाची खूण? 'गाय' हा एकच शब्द हजारो गाईंना कसा लागू पडतो? न्याय व मीमांसा दर्शनांचे उत्तर असे की, सर्व गाईंत 'गोत्व' नावाचे एक नित्य तत्त्व वास करते. या तत्त्वाला ते 'सामान्य' किंवा 'जाती' म्हणतात.

आचार्य दिङ्नागांनी 'प्रमाणसमुच्चय' या ग्रंथात हे नाकारले. शब्द अशा कोणत्याही नित्य तत्त्वाचा बोध करून देत नाही. जे गाय नाही ते वगळणे एवढेच त्याचे काम. हाच अपोहवाद होय. यावर कुमारिल भट्टांचा आक्षेप असा की, गाय म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर 'गाय नव्हे' ते तरी कसे कळणार?

सातव्या शतकात आचार्य धर्मकीर्तींनी 'प्रमाणवार्तिका'त उत्तर दिले. गुळवेल आणि इतर काही वनस्पती एकमेकींहून भिन्न आहेत, तरी त्या ताप उतरवतात. त्यासाठी त्यांच्यात एखादे नित्य तत्त्व मानावे लागत नाही. कार्य सारखे दिसते, म्हणून इतरांपासून वेगळे काढून आपण त्यांना एक नाव देतो. जे कार्य घडवू शकते तेच खरे, ही धर्मकीर्तींची कसोटी.

मित्रहो, हा वाद केवळ गाईपुरता नव्हता. कुमारिलांनी 'तंत्रवार्तिका'त ब्राह्मणत्व हीही खरी, जन्मसिद्ध जाती मानली. उलट 'सुत्तनिपाता'तील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले आहे की, गवत, झाडे, पशू, पक्षी यांच्यात जन्मतः भेदाच्या खुणा दिसतात, माणसामाणसांत तशा दिसत नाहीत. माणसांतील भेद नावापुरते आहेत. धर्मकीर्तींनी तर जातीचा गर्व हे जडबुद्धीच्या पाच लक्षणांपैकी एक मानले.

येथे विद्यार्थी विचारतील, जात खरी नसेल, तर तिचे चटके खरे कसे? चटका हेही कार्यच ना? प्रश्न योग्य आहे. अंधारात दोरीला साप समजून माणूस पळतो, पडतो, पाय मोडतो. पाय खरोखर मोडला, पण साप नव्हता; कार्य घडवले ते समजुतीने. जातीचेही तसेच आहे. म्हणून 'जात खोटी आहे' एवढे म्हणून अन्याय झालेल्याचे दुःख नाकारता येत नाही आणि ते दुःख दाखवून जात नित्य आहे असेही सिद्ध होत नाही.

शेवटचा मुद्दा शक्यतेचा. 'वंध्यापुत्र' या शब्दातच विरोध आहे. तो कधीही असू शकत नाही. 'जातिविहीन समाज' हाही तसाच शब्द आहे काय? जन्मजात ही नित्य वस्तू मानली, तर होय. ती माणसांनी रूढ केलेली समजूत असेल, तर असा समाज शक्य कोटीतला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'च्या ग्रंथात जात ही मनाची धारणा आहे असे मांडले, त्यामागे हीच आशा आहे.

मात्र जे शक्य आहे ते आपोआप घडत नाही. दोरी ओळखायची तर दिवा लावावा लागतो. तो दिवा म्हणजे अभ्यास आणि आचरण. विद्यार्थ्यांनी हे ग्रंथ परके मानू नयेत, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!